किल्लीवाल्याला जामीन कोण?



सातारा-सांगलीत सहकारावर व्याख्यान म्हटले की ऊस, दूध, सूतगिरणी आणि पतसंस्था ही चार नावे ऐकायची तयारी करूनच माणसे येतात. आजचा विषय त्यात बसणारा नाही. बसस्थानकाच्या भिंतीला टेकून, नाहीतर मंडईच्या तोंडाशी, लाकडी पेटीवर कोऱ्या किल्ल्यांचे झुबके टांगून जो किल्लीवाला बसतो, त्याच्या धंद्याबद्दल मला बोलायचे आहे. कुलपे उघडणे, बसवणे, दुरुस्त करणे आणि किल्ल्या करून देणे या कामाची एक सहकारी संस्था या दोन जिल्ह्यांत मिळून उभी राहावी, असा माझा प्रस्ताव आहे. दोन जिल्हे मिळून अशासाठी की 1949 साली दक्षिण सातारा वेगळा निघेपर्यंत हा एकच मुलूख होता, 1960 मध्ये त्या दक्षिण साताऱ्याला सांगली हे नाव मिळाले, आणि आजही कराड-इस्लामपूरच्या माणसाला दोन्हीकडचा बाजार सारखाच जवळचा आहे. प्रस्तावामागचे म्हणणे थोडक्यात असे आहे. या धंद्यात गिऱ्हाईक खरे पैसे मोजते ते भरवशाचे. एकट्या कारागिराला स्वतःचा भरवसा स्वतःच देता येत नाही, त्याला कुणीतरी जामीन राहावे लागते. आणि आज त्याला जामीन राहील असे कुणी नाही. दर, दर्जा, अब्रू आणि पोलिसांचा ससेमिरा हे या धंद्यातले सगळे प्रश्न त्या एका उणिवेतून फुटलेले आहेत.

काम कसे चालते ते आधी जवळून पाहू. जुन्या लिव्हरच्या कुलपाची किल्ली हरवली तर जाणता कारागीर मापाची कोरी किल्ली निवडतो, ज्योतीवर धरून तिच्यावर काजळी चढवतो, कुलपात घालून बेताने पीळ देतो आणि बाहेर काढून उजेडाकडे धरतो. आतल्या लिव्हरी जिथे अडल्या तिथे काजळी पुसलेली दिसते. नेमक्या त्याच ठिकाणी कानस दोन-तीनदा फिरते; पुन्हा काजळी, पुन्हा पीळ, पुन्हा कानस. कानस एक हात जास्त चालली की ती किल्ली वाया गेली. सगळे जमून आले की कुलपाला ओरखडाही न पडता नवी किल्ली तयार होते. आता गंमत अशी की हे जितक्या सफाईने होईल तितके गिऱ्हाईक नाराज होते. ‘एवढ्याशा कामाचे एवढे पैसे?’ हा प्रश्न ठरलेला. उलट ज्याला हे कसब नाही तो ड्रिल मारतो, तासभर खटपट करतो, लोखंडाचा कीस फरशीवर सांडतो आणि शेवटी फुटलेल्या कुलपाच्या जागी नवे कुलूप विकतो. त्याला मात्र घाम गाळल्याबद्दल बिनतक्रार पैसे मिळतात, शिवाय नव्या कुलपावरचा नफा वेगळा. म्हणजे कसबी माणसाला दंड आणि धसमुसळ्याला बक्षीस, अशी या बाजाराची रचना आहे.

जॉर्ज अ‍ॅकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने 1970 साली जुन्या मोटारींच्या बाजारावर जो निबंध लिहिला, त्याचा गाभा हाच आहे: माल चांगला की वाईट हे विकणाऱ्याला कळते आणि घेणाऱ्याला कळत नाही, तेव्हा घेणारा सरासरी किंमतच देऊ करतो, त्या किमतीत चांगला माल विकणे परवडत नाही म्हणून तो बाजारातून उठतो आणि मागे निकृष्ट माल उरतो. कुलपाच्या धंद्यात याच्यावर आणखी एक थर आहे. मोटार घेणारा निदान चार ठिकाणी फिरून येऊ शकतो. रात्री अकरा वाजता दाराबाहेर अडकलेला माणूस, आत गॅस चालू, लेकरू आत कोंडलेले, तो कुठे फिरणार? फोनवर एक आकडा सांगायचा, दारात पोचल्यावर ‘कुलूप वेगळेच निघाले’ म्हणून तिप्पट मागायचे, ही युक्ती जगभर चालते. अमेरिकेत ग्राहक-संरक्षणाच्या सरकारी यंत्रणेला तिच्याविरुद्ध लोकांना सावध करावे लागले. आपल्याकडे इंटरनेटवर नंबर शोधायची सवय जसजशी तालुक्यापर्यंत पोचते आहे, तसतशी तीही पोचणार. ती येण्याच्या आत काही उभे केले पाहिजे.

कुलपाच्या मालापुरता भरवशाचा प्रश्न आपल्या देशात सव्वाशे वर्षांपूर्वी सुटला. वकिली सोडलेल्या अर्देशीर गोदरेज यांनी 1897 साली मुंबईत लालबागला कुलपांचा कारखाना काढला आणि कुलपावरचे नाव हीच त्याची हमी झाली. पण कुलपावर नाव आले, ते उघडणाऱ्यावर आले नाही. आपल्याकडे किल्ली करायला वेगळा परवाना लागत नाही, कसली परीक्षा नाही. कायदा या माणसाची दखल घेतो ती एकाच ठिकाणी. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या 122व्या कलमाप्रमाणे सूर्यास्त ते सूर्योदय या वेळेत घरफोडीचे साहित्य समाधानकारक कारणाशिवाय जवळ सापडले तर तो गुन्हा ठरतो. आता किल्लीवाल्याची पेटी उघडून पाहा: तारा, आकडे, पटाशी, कानस, ड्रिल. रात्री ज्याच्या घरी तातडीने जायचे त्याच्याकडे जाताना हा माणूस नाक्यावर अडवला गेला, तर ‘समाधानकारक कारण’ तो कशाच्या बळावर दाखवणार? तोंडी सांगण्याला किंमत किती, ते सांगणाऱ्याच्या कपड्यांवरून आणि आडनावावरून ठरते, हे आपण सगळे जाणतो. परिणाम असा की सचोटीचा कारागीर रात्री काम घेत नाही आणि रात्रीचा बाजार धाडसी माणसांच्या हाती जातो.

भरवशाचा हा प्रश्न या मुलखाला नवा नाही. पेशवाईत आणि पुढेही काही काळ सातारा प्रांतातल्या गावांचा पहारा रामोश्यांकडे असे. त्या व्यवस्थेतली एक अट मला फार महत्त्वाची वाटते. गावात चोरी झाली तर रामोश्याने चोराचा माग काढायचा; माग दुसऱ्या गावाच्या शिवेपर्यंत नेऊन पोचवला तर जबाबदारी त्या गावावर जायची; आणि माग लागला नाही तर चोरीला गेलेल्याची भरपाई त्याच्याच माथी यायची. मला त्या काळाचे गोडवे गायचे नाहीत. जातीवर बांधलेली ती व्यवस्था होती आणि पहारेकऱ्याच्या वाट्याला येणारा मोबदला त्याच्या जोखमीच्या मानाने तुटपुंजा होता. पण एक तत्त्व त्यात पक्के होते: घराच्या सुरक्षिततेचे काम ज्याच्याकडे, त्याच्या मागे एक समूह उभा आणि तो समूह नुकसानीला बांधलेला. इंग्रजांनी हे मोडले आणि 1871 मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा करून समूहाची जबाबदारी उलटी फिरवली. समूहाने जामीन राहण्याऐवजी समूहच जन्मजात आरोपी ठरला. हा कायदा 1952 साली गेला. पण पारधी, कैकाडी यांसारख्या जमातींवर त्याने मारलेला शिक्का अजून पुसलेला नाही. आज कुणी सुचवेल की किल्लीवाल्यांसाठी पोलिसांचा चारित्र्याचा दाखला सक्तीचा करा, प्रश्न मिटला. दाखला असावा, त्याला माझी हरकत नाही. पण केवळ त्यावर विसंबलो तर पहिला बळी त्याच माणसांचा जाईल ज्यांच्यावर संशय घ्यायची यंत्रणेला दीडशे वर्षांची सवय आहे.

मग जामीन कुणी राहायचे? एक उत्तर कामगार संघटनेचे आहे, आणि ते साताऱ्याला परके नाही. पाटण तालुक्यातल्या मंद्रुळकोळ्याच्या अण्णासाहेब पाटलांनी मुंबईच्या माथाडींची संघटना बांधली आणि 1969 चा माथाडी कायदा त्यातून आला. हजार ठिकाणी ओझे वाहणाऱ्या, एक असा कुणी मालक नसलेल्या माणसाला मंडळ मिळाले, मजुरीचे दर मिळाले, भविष्य निर्वाह निधी मिळाला. पण त्या रचनेत समोर व्यापारी होते आणि मंडळ त्यांच्याकडून आकार वसूल करू शकत होते. किल्लीवाल्याच्या समोर रोज नवे घर असते; आकार बसवायचा कुणावर? दुसरे उत्तर मोबाइल अ‍ॅपवाल्या कंपनीचे. ती कंपनी कारागिराला गिऱ्हाईक आणून देते, दर स्वतः ठरवते, त्यातला वाटा कापून घेते आणि काही बिनसले की ‘आम्ही फक्त गाठ घालून देतो’ म्हणून मोकळी होते. जो नफ्यात भागीदार आणि जोखमीत नाही, त्याला जामीन म्हणत नाहीत. राहिली सहकारी संस्था. पुण्याच्या कागद, काच, पत्रा कष्टकरी पंचायतीतून, म्हणजे 1993 पासूनच्या संघटनेतून, पुढे ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची स्वतःच्या मालकीची सहकारी संस्था निघाली आणि 2008 पासून महापालिकेशी करार करून ती घरोघरचा कचरा गोळा करू लागली. ज्या बायकांना सोसायटीचा रखवालदार फाटकातून हाकलत होता, त्याच बायका ओळखपत्र लावून रोज सकाळी दारात जाऊ लागल्या आणि घरटी शुल्क घेऊ लागल्या. माणसे तीच होती. मागे संस्था उभी राहिल्यावर दार उघडणाऱ्याची नजर बदलली. परक्या माणसाला उंबऱ्यापर्यंत येऊ देण्याचा प्रश्न इथे आणि तिथे एकच आहे.

कुलपांच्या क्षेत्रात सहकाराचा प्रयोग देशात झालेला आहे, तोही लक्षात घेतला पाहिजे. तामिळनाडूतले दिंडिगल हे हाताने बनवलेल्या कुलपांचे जुने गाव. तिथल्या कुलूप कामगारांच्या औद्योगिक सहकारी संस्थेने अर्ज केला आणि 2019 मध्ये दिंडिगलच्या कुलपाला भौगोलिक मानांकन मिळाले. तरीही तो धंदा आटतच गेला, कारण अलीगढचे यंत्रावर निघणारे स्वस्त कुलूप देशाच्या कोणत्याही बाजारात जाऊन पोचते. यातून मी असा धडा घेतो की आपण कुलपे बनवायच्या फंदात पडू नये. कुपवाड किंवा साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत एखादी शेड घ्यावी, दोन यंत्रे टाकावीत, असा मोह होईल, तो आवरावा. कुलूप अलीगढहून येईल, पण विट्यात अडकलेले दार उघडायला अलीगढहून कुणी येणार नाही. सेवेला परगावची स्पर्धा नसते.

यंत्रांचा मुद्दा मात्र टाळता येणार नाही, आणि त्याचे उदाहरण मिरजेतच आहे. मिरजेची सतार आणि तंबोरा ज्या घराण्यांनी नावारूपाला आणले ती मूळची शिकलगारांची. हत्यारांना धार लावणे हा त्यांचा पिढीजात उद्योग. संस्थानी काळात तलवारीचे काम ओसरले, मिरज दरबारात गवयांचा राबता होता, आणि फरीदसाहेबांसारखा कारागीर तंतुवाद्याकडे वळला. लोखंडावर बसलेला हात भोपळ्यावर आणि तारेवर बसला. त्या कारागिरांच्या वंशजांनी अलीकडे एकत्र येऊन क्लस्टर उभे केले आणि 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. शिकलगारांचीच दुसरी पाती या मुलखात कात्री-सुरीला धार लावत आणि किल्ल्या घासत राहिली, तिच्यासाठी मात्र कुणी काही उभे केले नाही. आज तिची कोंडी अशी आहे की मोटारीच्या चिप बसवलेल्या किल्लीला कानस चालत नाही. त्या किल्लीची गाडीच्या संगणकाशी ओळख करून देणारे यंत्र लागते आणि ते एकट्या पेटीवाल्याच्या आवाक्याबाहेर आहे. म्हणून चांगल्या पैशाचे काम शोरूमकडे जाते आणि पेटीवाल्याकडे सायकलचे कुलूप उरते. साताऱ्यात एक, कराडला एक आणि सांगली-मिरजेत एक अशी सामाईक यंत्रे संस्थेच्या मालकीची असली तर हा गेलेला धंदा परत येईल, आणि गरिबाघरच्या कामाचे दर खाली ठेवायला लागणारा पैसाही त्यातूनच निघेल.

दरांबद्दल माझी सूचना थोडी उफराटी वाटेल. आकार दोन भागांत असावा: येण्याजाण्याचा आणि कामाचा. दोन्ही आकडे फोनवरच सांगायचे, पावतीवर छापलेले असायचे आणि दारात बदलायचे नाहीत. कुलूप उघडले नाही तर फक्त येण्याजाण्याचे घ्यायचे. मुख्य अट पुढे आहे. कुलूप न फोडता उघडले तर कामाचा दर जास्त. ड्रिल मारावे लागले तर कमी. आणि नवे कुलूप बसवायचे झाल्यास ते खरेदीच्या भावात, बिलासकट. म्हणजे फोडण्यात कारागिराचा काही स्वार्थच उरत नाही. ‘न फोडल्याबद्दल जास्त पैसे का द्यायचे?’ असे गिऱ्हाईक विचारेल, तर त्याला दाखवायचे की नव्या कुलपाचा खर्च वाचल्यावर एकूण बिल कमीच झाले. हा हिशेब छापील दरपत्रकात मांडला तर सहज पटतो. एकट्या पेटीवाल्याने तोंडी सांगितला तर लबाडी वाटते.

महापुराच्या वेळी याची खरी परीक्षा होईल. ऑगस्ट 2019 मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी 57 फुटांवर गेली, तिथली धोक्याची पातळी 45 फूट आहे. पाणी उतरल्यावर चिखल उपसायला माणसे आली, धान्य आले, कपडे आले. पण पुरात राहिलेल्या कुलपाचे काय होते ते पाहा: नदीचा बारीक गाळ पिनांच्या छिद्रांत आणि स्प्रिंगांत बसतो आणि वाळून घट्ट होतो. किल्ली अर्धी आत जाते. घाईला आलेला माणूस तेल ओततो, तेल आणि गाळ मिळून त्याचा लगदा होतो, मग जोर लावला की किल्ली आतच मोडते. खरे तर असे कुलूप स्वच्छ पाण्याने धुऊन, पुरते वाळवून, शिसपेन्सिलीच्या शिशाची पूड आत सोडली तर पुष्कळदा वाचते. 2005, 2019 आणि 2021 असे तीन महापूर पाहिलेल्या शहरात अशा दिवसांत गल्लीगल्लीतून ठरलेल्या दराने फिरणारे पथक असणे ही चैन नव्हे. आणि ज्या दिवसांत हवे ते मागितले तरी लोक देतील, त्या दिवसांत दर न वाढवणाऱ्या संस्थेचे नाव पुढची दहा वर्षे कुणी विसरत नाही.

आता नैतिकतेचा अवघड भाग. ‘मालक असल्याची खात्री करूनच कुलूप उघडावे’ हा नियम कुणीही सांगेल. तो अपुरा आहे आणि काही वेळा चुकीचा. नवऱ्याने बाहेर काढलेली बाई माघारी आली, दाराला नवे कुलूप. घर नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांच्या संरक्षणाचा 2005 चा कायदा 17व्या कलमात सांगतो की एकत्र नांदत्या घरात राहण्याचा तिचा हक्क मालकीवर अवलंबून नाही. सात-बारा किंवा घरपट्टीची पावती मागणारा कारागीर इथे नकळत अन्यायाच्या बाजूला उभा राहतो. उलट प्रकरण घरमालकाचे: घर त्याचेच, पण आत भाडेकरूचा संसार आहे आणि तो गावाला गेल्याची संधी साधून कुलूप बदलायचे आहे. इथे मालकीचे सगळे कागद असूनही उत्तर ‘नाही’ हवे, कारण न्यायालयाच्या हुकुमाशिवाय भाडेकरूला काढता येत नाही. थकीत कर्जाच्या वसुलीसाठी सरफेसी कायद्याखाली बँक ताबा घ्यायला येते तेव्हा हुकूम पाहिल्याशिवाय आणि पंचनाम्याशिवाय हात लावायचा नाही. ही जाण एकट्या माणसाकडून अपेक्षिणे अन्यायाचे आहे, कारण दारात उभा राहून पैसे देणारा बहुधा दोघांतला बलवानच असतो. संस्थेच्या कारागिराला ‘आमच्या नियमात बसत नाही’ म्हणता येते, शंका आल्यास कार्यालयाला फोन लावता येतो, बाईचे प्रकरण असेल तर संरक्षण अधिकाऱ्याला सोबत बोलावता येते. परित्यक्ता स्त्रियांची चळवळ ज्या सांगली जिल्ह्यात झाली, तिथे हा नियम उपविधीत लिहायला कुणी बिचकू नये. सभासदांत स्त्रियाही हव्यातच. हे काम बायकांना झेपेल का, असे विचारणाऱ्याने म्हसवडला जाऊन माणदेशी महिला बँक पाहून यावी; 1997 पासून ती चालू आहे.

आक्षेपांपैकी नेहमीचा आक्षेप असा की संस्था शिकवण्या घेईल, दहा-वीस पोरे तयार होतील आणि त्यांतलीच चार चोऱ्या करू लागतील. हा वाद फार जुना आहे. लंडनच्या 1851 च्या महाप्रदर्शनात अमेरिकन कुलूपतज्ज्ञ हॉब्स याने चब कंपनीचे अभेद्य म्हणवले जाणारे कुलूप उघडून दाखवले. मग त्याने ब्रामा कंपनीच्या कुलपाला हात घातला. उघडणाऱ्याला 200 गिनींचे बक्षीस लावून ते वर्षानुवर्षे दुकानाच्या काचेमागे ठेवलेले होते. 16 दिवसांत विभागलेल्या 51 तासांच्या खटपटीनंतर तेही उघडले. तेव्हाही ओरड झाली की हे ज्ञान चव्हाट्यावर आणून त्याने चोरांची सोय केली. झाले उलटे: कुलूपवाल्यांना आपली कुलपे सुधारावी लागली. चोराला या कलेची फारशी गरजही नसते. पहारीने कोयंडा उखडला की त्याचे काम भागते. धीराने काजळी लावत बसणारा माणूस चोरीच्या कामाचा नाही. धोका आहे तो दुसरीकडे, आणि तो आक्षेप घेणाऱ्यांना सुचत नाही: संस्थेच्या नोंदवहीत. कुणाच्या घराला कोणते कुलूप, कोण किती दिवस परगावी, याची यादी एका ठिकाणी साठली तर ती चोराच्या दृष्टीने सोन्याची खाण. खानापूर-आटपाडीची सोने-चांदी गाळणारी गलाईवाली कुटुंबे देशभर पांगलेली, पाटण-जावळीची माणसे मुंबईत. कितीतरी वाडे वर्षातून दोनदाच उघडतात. म्हणून वहीत काम, तारीख, कारागीर आणि पावती क्रमांक एवढेच. पत्ता निराळ्या बंद नोंदीत, ठरलेल्या मुदतीनंतर नष्ट करायचा. आणि किल्लीचे माप कुठेही नाही.

याला लागून आणखी एक प्रश्न: चोरीची शिक्षा भोगून आलेल्या माणसाला सभासद करून घ्यायचे का? माझे उत्तर होय असे आहे. औंध संस्थानाने 1939 च्या सुमारास आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसवले. भिंती आणि गजांशिवाय कैद्यांना शेती करत, कुटुंबासह राहू दिले. पुढे 1957 मध्ये व्ही. शांताराम यांनी ‘दो आँखे बारह हाथ’ केला तो त्या प्रयोगावरून. चित्रपट सगळ्यांना आठवतो, वसाहत सांगली जिल्ह्यात आहे हे मात्र सांगावे लागते. अशा सभासदाला पहिली काही वर्षे जोडीदारासोबतच कामावर पाठवावे. संस्था त्याला जामीन राहणार असेल तर तिने सोबतही करावी.

सर्वांत जड आक्षेप सहकारावरचाच आहे, आणि तो इथल्या श्रोत्यांना समजावून सांगण्याची गरज नाही. कराड जनता बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने डिसेंबर 2020 मध्ये रद्द केला, हे ज्यांच्या ठेवी अडकल्या त्यांना तारखेनिशी पाठ आहे. मजूर सहकारी संस्थांचे तर काय सांगावे. यादीत मजूर, कामावर ठेकेदार आणि कधीही फावडे न धरलेला अध्यक्ष, हा प्रकार इतका सर्रास आहे की त्याचा कुणाला राग येईनासा झाला आहे. पण या अपयशांची कारणे पाहिली तर ती आपल्याला लागू पडतात का ते तपासता येते. बँकेत दुसऱ्याचा पैसा असतो. तो लाटण्यासारखा असतो. कारखान्यात सरकारचे भागभांडवल असते आणि त्यामागून राजकारण येते. कानशी, तारा आणि तीन यंत्रे असलेल्या संस्थेची निवडणूक जिंकून कुणाला आमदार होता येत नाही. लहानपण हे या संस्थेचे कवच आहे, ते तिने सोडू नये: ठेवी घेऊ नयेत, सरकारी भांडवल मागू नये. महाराष्ट्राच्या 1960 च्या सहकार कायद्यात प्रत्येक सभासदाला एकच मत आहे आणि निव्वळ नफ्याचा चौथा हिस्सा राखीव निधीत टाकायचे बंधन आहे. तेवढे सरकारी छत्र पुरे. खरा धोका मला वेगळाच दिसतो. पाच-सात वर्षांनी धंदा जमला की संस्थापक सभासद मालक होऊन बसतील आणि उन्हातान्हात पोरे रोजंदारीवर फिरतील. ऊस घालणारा सभासद, पण कारखान्यात राबणारा नाही, ही इथल्या सहकाराची जुनी खोड. तेव्हा उपविधीत दोन गोष्टी सुरुवातीलाच हव्यात: वर्षात ठरावीक दिवस स्वतः काम न करणाऱ्याचे सभासदत्व आपोआप संपेल, आणि उमेदवारीचे एक वर्ष पुरे केलेल्याला सभासद करून घेणे संचालकांच्या मर्जीवर राहणार नाही.

अंगठ्याच्या ठशाने उघडणारी कुलपे आल्यावर हा धंदा संपेल, या आक्षेपावर फार वेळ घालवायला नको. त्या कुलपातले सेल संपतात, ठसा ओल्या हाताने लागत नाही, आणि कंपनी स्वतःच त्यात एक साधी किल्ली ठेवते. ती हरवतेच.

सहकार कायद्याला सुरुवातीला निरनिराळ्या कुटुंबांतली दहा माणसे हवी असतात. हा धंदा काका-पुतण्यांचा आणि भावाभावांचा असल्यामुळे एकाच गावात अशी दहा मिळणे कठीण जाईल. दोन जिल्हे मिळून विचार करायला हेही कारण आहे. नोंदणी, बँकेचे खाते, ओळखपत्रे, पोलीस अधीक्षकांना द्यायची सभासदांची यादी, रात्रीच्या कामासाठी वेळ आणि पावती क्रमांक घातलेली कार्यचिठ्ठी, ही कामे क्रमाक्रमाने होतील. एका कलमावर मात्र पहिल्याच बैठकीत भांडण होणार आणि ते व्हावे. सभासदाने उघडलेल्या घरात नंतर चोरी झाली आणि संशय त्याच्यावर आला, तर संस्थेच्या भरपाई निधीतून पैसे केव्हा द्यायचे? तपास पुरा होऊन दोष ठरल्यावर, असे वकील सांगेल, आणि व्यवहाराने त्याचे चूक नाही. निधी लहान आहे, खोटे दावे येतील. माझे मत असे की ठरलेल्या मर्यादेपर्यंत भरपाई आधी द्यावी, वसुली नंतर पाहावी, आणि या निधीत प्रत्येक सभासदाने दर महिन्याच्या कमाईतला सारखाच टक्का घालावा, म्हणजे नव्या उमेदवाराला घेताना जुना माणूस चार वेळा विचार करील. या तरतुदीमुळे काही जण बैठकीतून उठून जातील. राहिलेले दहा भरले की अर्ज करावा.